डाव्या बाजूची सीट

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. नर्सबाईनं गोड बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. बाळंतिणीशी मी गोडच बोलते. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

महाराष्ट्र होऊन अडीच-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मेहकरात भगवंतराव म्हणून तेलगिरणीचे मालक होते. वडिलांच्या नावानं त्यांनी फिरता दवाखाना काढला. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारनं जुन्या गाड्या लिलावात विकल्या होत्या, त्यातलीच एक बंद पाठीची गाडी त्यांच्याकडे होती. मागे औषधांची कपाटं आणि एक स्ट्रेचर बसवलं, बाहेरून लाल क्रॉस रंगवला, आणि झाला दवाखाना. डॉक्टर शनिवारी खामगावहून येत. सोमवार ते गुरुवार मी आणि ड्रायव्हर पुंजाजी खेडोपाडी फिरायचो. शुक्रवारी गाडीतून भगवंतरावांच्या पत्नी सत्यभामाबाई देवीच्या दर्शनाला जात. दवाखान्याच्या गाडीतून दर्शनाला का, असं विचारायची सोय नव्हती, कारण गाडी त्यांची होती.

माझं नाव मनकर्णा. नवरा पटकीनं गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सासरी दोन वर्षं चुलीमागे काढली, मग भावानं सगळ्यांशी भांडून मला नागपूरला नर्सिंगला घातलं. मी पांढरं पातळ नेसायचे ते नर्सचं म्हणून. लोक ते विधवेचं म्हणून बघायचे. पातळ एकच असल्यामुळे भांडण कुणाशी करणार?

गाडीच्या मागच्या भागात बसायला जागा नव्हती, म्हणून मी पुढे, डाव्या बाजूच्या सीटवर बसायचे. पहिले काही महिने गाडी बिनतक्रार चालली. दिवाळीनंतर ती मधूनच बंद पडायला लागली. रोज नाही. दोन दिवस नीट चालायची, तिसऱ्या दिवशी एखाद्या नाल्याच्या उतारावर किंवा गावाच्या तोंडाशी हळू झाली की गचकन् गप्प. सेल्फ दाबला तर साधा खट आवाजही नाही. हँडल मारून पुंजाजीच्या खांद्याचे सांधे निघायची वेळ यायची. दहा-पंधरा मिनिटांनी मी कंटाळून खाली उतरायचे, झाडाखाली जाऊन उभी राहायचे, आणि पुंजाजीनं सेल्फ दाबला की गाडी झटक्यात सुरू.

पहिल्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वेळी पुंजाजीच्या लक्षात आलं. पाचव्या वेळी गाडी बंद पडल्याबरोबर तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही उतरा जरा. त्या बाभळीपावतर जाऊन उभ्या राह्या." मी गेले. गाडी सुरू झाली. गावातली चार माणसं बघत होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. झालं, तेवढ्यावर काम भागलं. आठ दिवसांत मेहकरपासून जानेफळपर्यंत सगळ्यांना कळलं की नर्सबाईचा पायगुण गाडीला बाधतो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण कावळा एकदा बसतो. इथे तो सात-आठ वेळा बसला होता आणि दर वेळी फांदी मोडली होती. मी उतरले की गाडी सुरू व्हायची, हे खोटं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. एका दुपारी बाभळीखाली उभी असताना माझ्या मनात आलं, की खरंच आपल्यातच काही असेल तर? स्वतःबद्दल असं मनात यावं, याचा राग मला आजही येतो.

मग अंबूबाईचं बाळंतपण आलं. जानेफळच्या पलीकडे एक लहान गाव आहे, तिथल्या उकंडरावाची बायको. पहिलटकरीण, मूल आडवं. सकाळी सांगावा आला, आम्ही लगेच निघालो, आणि गावाच्या अलीकडच्या नाल्यात गाडी बंद पडली. मी उतरले, लांब गेले, गाडी सुरू झाली. परत बसले, शंभर हातांवर परत बंद. तिसऱ्यांदा मी गाडीत बसलेच नाही, पिशवी घेऊन नाला ओलांडून चालत, मग पळत गेले. दोन मैल. पोचले तोवर बाईची ताकद संपत आली होती. मी मूल फिरवलं, बाईला वाचवलं. मूल निळं पडलं होतं, ते रडलं नाही. मुलगी होती. अर्धा तास आधी पोचले असते तर ती रडली असती, हे मी नर्स म्हणून सांगते, देवाची मर्जी वगैरे मला कुणी ऐकवू नये.

महिनाभरानं भगवंतरावांनी गिरणीतल्या बैठकीत बोलावलं. माणूस रागीट नव्हता, हलक्या आवाजात बोलायचा. त्यांनी सांगितलं, की लोक बोलतात, वडिलांच्या नावाचा दवाखाना आहे, नावाला बट्टा लागतो. खामगावची एक नर्स यायला तयार आहे, नवऱ्यासकट येईल. होळीनंतर ती रुजू होईल. मला काही दोष देत नाही म्हणाले. नशिबाचा भाग असतो म्हणाले.

मी म्हणाले, होळीला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर गाडीला काय झालंय ते शोधून काढते. ते हसले नाहीत, पण त्यांच्या मुनिमाला हसू आवरलं नाही.

मेहकरातच, खामगावच्या नाक्यावर, रहेमतुल्ला मिस्त्रीचं टपरीवजा दुकान होतं. डायनामो, बॅटरी, दिवे, मोटारीतलं विजेचं सगळं काम त्याच्याकडे. पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गाडी त्याच्याकडे चारदा जाऊन आली होती. प्लग बघितले, क्वाइल बदललं, डायनामो उघडून साफ केला, बॅटरीची दोन्ही टोकं घासून करकचून आवळली. दुकानात गाडी सुतासारखी सरळ चालायची. बाहेर पडली की पुन्हा तेच. मी विचारायला गेले तेव्हा तो वैतागलाच.

"बाई, बिमारी हाजिर असन तवाच नाडी पाहता येते," तो म्हणाला. "गाडी इथी आली का तंदुरुस्त. मंग मी काय पाहू? दुखणं हाल्याले अन् औषध पखालीले, असं चालून राह्यलं हे." म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध त्याच्या पाठीवरच्या पखालीला.

हे मला पटलं, कारण पाळीच्या तापाचं, म्हणजे हिवतापाचंही तसंच असतं. ताप उतरलेला रोगी दवाखान्यात हसत येतो, रक्त काढलं तर काही सापडत नाही. ताप चढलेला असताना रक्त घ्यावं लागतं. मी त्याला म्हटलं, मग रोग्याच्या घरी चला. आमच्याबरोबर फेरीवर चला, मागे स्ट्रेचरवर बसा. गाडी बंद पडेल तेव्हा तुम्ही तिथेच असाल.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, गाडी कुठे कुठे बंद पडते ते सांगता येईल का. मला सगळं तोंडपाठ होतं. रोग्याचा इतिहास घेणं हे तर माझं काम. मी सांगितलं, पक्क्या रस्त्यावर वेगात असताना कधीच नाही. हळू झाली, खाचखळगा आला, की बंद. सकाळी निघताना क्वचित. मी उतरले की चालू. तो म्हणाला, वेगात असताना डायनामोच गाडीला वीज पुरवतो, बॅटरी नसली तरी चालतं. हळू झाली की सगळा भार बॅटरीवर. म्हणजे गडबड बॅटरीपासून गाडीपर्यंतच्या वाटेत असावी. पण मी उतरण्याचा काय संबंध, ते त्यालाही कळेना. "पायगुण-बियगुण माह्या धंद्यात नसते," एवढं मात्र तो म्हणाला, आणि त्या दिवशी मेहकरात मला एक तरी माणूस भेटला असं वाटलं.

सोमवारी आम्ही तिघं निघालो. निघण्यापूर्वी रहेमतुल्लानं दोन छोटे बल्ब काढले. एक साधा, एक लाल रंगवलेला. त्यांच्या लांब तारा डाव्या सीटखालच्या बॅटरीच्या पेटीत सोडून दोन्ही बल्ब त्यानं समोर काचेपाशी टांगले. साध्या बल्बच्या दोन्ही तारा थेट बॅटरीला होत्या. लाल बल्बची एक तार बॅटरीला आणि दुसरी गाडीच्या लोखंडी अंगाला. "सफेत इझला तर बॅटरी मेली," त्यानं आम्हाला समजावलं. "लाल इझला अन् सफेत जळत राह्यला, तर बॅटरी जित्ती हाय, पण गाडीपावतर पोचून नाई राह्यली." पुंजाजीला हे आवडलं नव्हतं. त्यानं काचेपाशी लावलेल्या गणपतीच्या फोटोला हात जोडले आणि गाडी काढली.

पुंजाजी वाईट माणूस नव्हता, हे इथे सांगायला हवं. मला कधी वेडावाकडा शब्द बोलला नाही. रस्त्यात कुणी म्हातारं दिसलं की गाडी थांबवून घ्यायचा. फक्त त्याचा सगळ्यावर विश्वास होता.

फेरी त्या दिवशी मुद्दाम अंबूबाईच्या गावाची ठेवली होती. नाला आला, गाडी हळू झाली, एका खड्ड्यात डावं चाक आदळलं, आणि लाल बल्ब विझला. इंजिन बंद. साधा बल्ब जळत होता.

पुंजाजी सवयीनं म्हणाला, "बाई, उतरा." रहेमतुल्ला मागून ओरडला, "कोणी हलू नका. ताप उतरून जाइन." आम्ही तसेच बसून राहिलो. त्यानं मागून खाली उतरून इंजिनचं झाकण उघडलं, तारा चाचपल्या, काही सापडलं नाही. मग येऊन मला म्हणाला, आता सावकाश उतरा. मी पाय खाली टाकला, सीटवरून उठले, आणि लाल बल्ब पेटला. परत बसले, विझला. उठले, पेटला. इंजिन बंदच होतं आणि तरी हा खेळ चालू होता. पुंजाजीनं मान फिरवली. त्याला वाटलं, आता तर विजेनंच साक्ष दिली.

मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रहेमतुल्लाच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. तो म्हणाला, गाडी गावात घ्या, दुसरं कोणी त्या सीटवर बसवून पाहू.

गावात चावडीपुढे गाडी उभी राहिली तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमली. रहेमतुल्लानं विचारलं, कोण बसतं? कुणी पुढे येईना. जिथे नर्सबाई बसते तिथे कोण बसणार? एक तरुण पुढे आला, त्याला त्याच्या आईनं दंडाला धरून मागे ओढलं. मी लोकांकडे बघत उभी राहिले. ज्यांच्या गळवांना मी चिरा दिल्या, ज्यांच्या सुनांची बाळंतपणं केली, ती ही माणसं. माझ्या हाताचं औषध चालत होतं. मी बसलेली सीट चालत नव्हती.

तेवढ्यात गर्दीतून अंबूबाई पुढे आली. बाळंतपणाला सव्वा महिना झाला होता, चेहरा अजून उतरलेला, कपाळावर हे एवढं कुंकू. उकंडराव मागून नको नको म्हणत होता.

"मी बसन," ती म्हणाली. "माही पोरगी काऊन गेली थे मले पाह्यचं हाय."

ती चढून बसली. लाल बल्ब पेटलेलाच होता. पुंजाजीनं गाडी सुरू केली आणि चावडीभोवती हळूहळू फिरवायला लागला. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत, हौदाजवळच्या खड्ड्यात चाक गेलं आणि बल्ब विझला. इंजिन बंद. अंबूबाईनं खाली उतरावं असं रहेमतुल्लानं सांगितलं. ती उतरली. बल्ब पेटला.

 रहेमतुल्लानं मग हौदाशेजारचा धुणं धुवायचा दगड दोघांच्या मदतीनं उचलून सीटवर ठेवला. बल्ब विझला. दगड काढला, पेटला.

"पाहून घ्या," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "धोंड्याले तर नवराबी नसते."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पण मला हसायचं नव्हतं. कारण सापडलं नव्हतं अजून.

रहेमतुल्लानं सीटचे बोल्ट काढले, सीट उचलून बाजूला ठेवली, बॅटरीची पेटी वर काढली, आणि तिच्याखालची लाकडी फळीही उखडली. ही फळी आजवर कुणी काढलीच नव्हती. बॅटरीची वरची टोकं सगळ्यांनी पाहिली होती, ती चकचकीत होती. पण एका टोकापासून तांब्याची विणलेली पट्टी निघून फळीखाली जात होती आणि तिथे एका बोल्टानं गाडीच्या चासीला, लोखंडी सांगाड्याला जोडलेली होती. गाडीला बॅटरीची वीज मिळते ती त्या पट्टीतून. बोल्टाभोवती हिरवी-पांढरी खपली धरली होती, बोटभर जाडीची. पट्टीचे धागे खाऊन खाऊन चार-पाच उरले होते. सीटवर वजन आलं की फळी दबायची, पट्टी हलायची, आणि धक्का बसला की जोड सुटायचा; एकदा ढिला झाला की थोडा वेळ नुसत्या बसण्यानंही सुटायचा. वजन उठलं की जोड परत टेकायचा. माझं वजन, अंबूबाईचं, धोंड्याचं, कुणाचंही.

वेगात आणि पक्क्या रस्त्यावर हे कळत नव्हतं, म्हणून सत्यभामाबाईंच्या शुक्रवारी गाडी कधी बंद पडली नव्हती. देवीपर्यंत सगळा पक्का रस्ता होता.

"पण ही खपली कशानं धरली?" मी विचारलं. रहेमतुल्लानं चिमटीत थोडी घेतली, नाकाशी नेली, आणि झटकन हात खाली केला. पुंजाजीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाणी झिरपलं असन. जुनी गाडी हाय." तो खोटं बोलत होता. त्याला मेहकरात दुकान चालवायचं होतं, आणि हे त्याच्या तोंडून निघायला नको होतं. मला त्याचा राग आला नाही. मी वाकून स्वतः वास घेतला. नऊ वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला तो वास ओळखायला दुसऱ्यांदा नाक लावावं लागत नाही. शिवाय माणसाचा आणि गाईचा यातला फरकही कळतो.

ड्रायव्हरच्या दारातल्या खणात एक बाटली असायची. औषधाची बाटली, डोस कळावेत म्हणून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली. आखाजीच्या, म्हणजे अक्षयतृतीयेच्या सुमारास पुंजाजीनं बॅटरीच्या पाण्यासाठी एखादी बाटली द्या म्हणून मागितली, तेव्हा मीच धुऊन दिली होती. ती मी उचलली, बूच काढलं. बॅटरीचं पाणी नव्हतं ते.

"पुंजाजी, हे सीटवर शिंपडत होते तुम्ही?"

 त्यानं सगळं सांगून टाकलं. सत्यभामाबाई शुक्रवारी त्याच सीटवर बसतात, देवीला जायचं असतं, म्हणून दर बेस्तरवारी, आदल्या दिवशी संध्याकाळी सीटवर गोमूत्र शिंपडून शुद्ध करायची, असं मालकांनीच सांगितलं होतं. आखाजीपासून चालू होतं. गाडी बंद पडायला लागल्यावर त्यानं आपल्या मनानं रोज संध्याकाळी शिंपडायला सुरुवात केली, बाधा उतरावी म्हणून. जितकी गाडी बंद पडे तितकं जास्त शिंपडे. सीटच्या मागच्या फटीतून ते सरळ खाली त्या बोल्टावर जायचं.

म्हणजे माझी बाधा काढता काढता त्यांनी गाडी मारली होती. आणि गाडीपायी एक मूल.

अंबूबाई जवळच उभी होती. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग पुंजाजीकडे. "म्हंजे त्या दिवशी..." एवढंच म्हणाली.  वळून घरी गेली. पुंजाजी तिथेच मातीत खाली बसला आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. मला त्याची दया आली नाही. आज येते. त्या दिवशी नाही आली.

रहेमतुल्लानं सोड्याच्या गरम पाण्यानं खपली धुतली, कानसीनं लोखंड उजळ केलं, नवी पट्टी आवळून वर ग्रीस फासलं. त्याच खड्ड्यातून पुंजाजीनं दहा वेळा गाडी नेली, मी सीटवर बसून. लाल बल्ब विझला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत जाऊन बाटली भगवंतरावांच्या गादीसमोर ठेवली. जुनी पट्टी शेजारी ठेवली. सगळं सांगितलं, अंबूबाईच्या मुलीचंसुद्धा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पट्टी हातात घेऊन बघितली.  मग म्हणाले, खामगावच्या नर्सला नको म्हणून कळवतो, तुम्ही काम चालू ठेवा. मला वाटलं, संपलं. मी उठणार एवढ्यात त्यांनी पुंजाजीला हाक मारली आणि सांगितलं, "बाजारातून रबराचा तुकडा आण. बॅटरीवर अन् फळीवर नीट अंथर. म्हंजे शिंपडलं तरी खाली जायाचं नाई."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. इतकं सगळं होऊन त्यांच्या हाती लागलं ते हे, की रबर घालायचं राहून गेलं होतं. मी विचारलं, म्हणजे शिंपडणं चालूच राहणार? ते हलक्या आवाजात म्हणाले, घरातल्या बायांची समजूत असते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमची नोकरी तर राहिली ना.

नोकरी राहिली होती. पंधरा दिवस मी तिच्याचसाठी झगडले असं मला वाटत होतं. त्या गादीसमोर उभं राहिल्यावर कळलं, की तेवढ्यासाठी नव्हतं.

बेस्तरवारी संध्याकाळी पुंजाजीनं रबर अंथरून सीटवर तांब्यानं शिंपडलं. शुक्रवारी दुपारी गाडी देवीहून परतली तेव्हा मी गिरणीच्या आवारात तयार होते. तेलाचे डबे भरायला आलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या, हमाल जेवायला बसले होते. सत्यभामाबाई उतरून घरात गेल्या. मी बादलीत कार्बोलिकचं पाणी केलं, पदर खोचला, आणि डाव्या बाजूची सीट ब्रशनं घासायला सुरुवात केली. गोवराचा रोगी उठून गेल्यावर खाट धुतात तशी. कार्बोलिकचा वास आवारभर पसरला. हमालांनी विचारलं, बाई काय करता. मी म्हटलं, सीट शुद्ध करून राह्यली, उद्या डॉक्टर बसायचे आहेत. रबर होतंच, गाडीला काही होणार नव्हतं.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्या वेळी बघायला शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधली माणसंही आली. तिसऱ्या शुक्रवारी मी ब्रश बुडवते न बुडवते तोच भगवंतराव स्वतः बाहेर आले. मागे दारात सत्यभामाबाई उभ्या होत्या. पहिल्यांदाच भगवंतरावांचा आवाज चढलेला मी ऐकला.

"हे काय लावलं तुम्ही? आमच्या घराले का रोग लागला हाय?"

मी ब्रश बादलीत ठेवला. हात पुसले.

"मले तरी कोणता लागला होता, मालक?"

ते उभे राहिले. हमालांचं जेवण थांबलं होतं. भगवंतरावांनी सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत गेले. सत्यभामाबाई मात्र दारातच थांबल्या होत्या. त्यांनी पुंजाजीला जवळ बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. त्यानं मान डोलावली.

पुढच्या बेस्तरवारी संध्याकाळी फेरी संपवून मी घरी गेले नाही, आवारातच बसून राहिले. दिवेलागण झाली. पुंजाजीनं गाडी झाडली, काचा पुसल्या, दारं लावली आणि चावी खुंटीला अडकवून निघून गेला. मी जाऊन सीटवर हात फिरवला. कोरडी होती.

गादीसमोर ठेवलेली बाटली मी त्याच दिवशी परत उचलून आणली होती. ती मी उकळून, वाळवून परत कपाटात ठेवली. औषधाला बाटल्या कमीच पडायच्या.